मरियाआत्याची पेटी

पेटी खड्ड्यात सोडायच्या वेळी लेव्हीच्या कारकुनानं डोक्यावरची टोपी काढली. लढाईच्या दिवसांत शेवगावच्या अंगाला सरकारसाठी सक्तीनं धान्य उचलत फिरणारा हा माणूस पेरणीचं बीसुद्धा सोडत नसे. पण मेलेल्या माणसाला मान द्यायचा.

पेटीत मरियाआत्या आहे, असं त्याला सांगितलेलं. आत होती दीड मण बियाची चवळी. आत्या घरात कणगीमागे, तोंडात पदर कोंबून बसलेली. "नाव माझंच लावा. माझं काय ऱ्हायलंय आता," असं तीच म्हणाली होती.

दोर सैल झाला आणि पेटी करकरली.

"शलमोन, आत काय वाजतंय?" कारकुनानं विचारलं.

शलमोन आत्याचा भाचा. त्यानं पापणीही लवू दिली नाही. "किडे, रावसाहेब. तीन दिस झाले म्हातारीला. तोंड बगायचंय?"

टोपी घालायचंही भान कारकुनाला राहिलं नाही. तो मागं न बघता गाडीरस्त्याला लागला.

"भुंगा लागला वं," शलमोनची बायको कृपा कुजबुजली. "बी गेलं आपलं. मिरगाला काय पेरायचं?"

"गप. रड आधी. मोठ्यानं रड."

ती खरंच रडली.

मृग निघाला तशी दोघांनी पेटी उकरली. चवळीचं पीठच हाती येणार, या हिशेबानं शलमोननं झाकण उचललं. आत चवळी नुकती झोडपल्यासारखी टपोरी. एका दाण्याला भोक नाही. जिवंत सोडा, मेलेला भुंगासुद्धा नाही.

चवळी पोत्यात भरून, पोतं पाठीवर घेऊन तो पळतच घरी आला. मेलेली म्हणून आत्यानं दोन महिने उंबरा ओलांडला नव्हता. चुलीपाशी भिंतीला टेकून ती बसली होती.

"आत्याबाई, लई नवल! येक दाना किडला न्हाई."

"व्हय?" आत्या म्हणाली. "हिकडं ये. पाठीला कान लाव माज्या."

त्यानं कान लावला.

करकर. करकर.

आत्यानं चोळीच्या बाहीतून काहीतरी चिमटीत धरून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. तिळाएवढा, तपकिरी. पाय हलवत होता.

"खड्डा बुजवला का रं?"

"न्हाई अजून."

"मग ऱ्हाऊ दे."