वाऱ्याचे बाण

होडी काढण्याआधी हिराजी रोज बायकोला विचारायचा, "वारा काय म्हनतो?" घरातल्या एकुलत्या एका फोनवर हवामानाच्या साइटवरचे वाऱ्याचे बाण बघून चांगुणा सांगायची.

आज बाण उघडेनातच. 'ही साइट तुमच्या पॅकमध्ये नाही,' एवढंच दिसत राहिलं. कालच त्यांनी नेटचा स्वस्तातला पॅक मारला होता. त्यात कंपनीचं स्वतःचं हवामान तेवढं फुकट होतं. तिथे पिवळाधमक सूर्य हसत होता.

"जावा खुशाल," ती बोलून गेली.

होडी सुटली, पण तिच्या जिवाला चैन पडेना. शेजारणीचा पॅक महागाचा. तिच्या फोनवर बाण उघडले. सगळे वादळाचे, लालभडक! चांगुणा धावत धक्क्यावर आली आणि 'माघारी फिरा' म्हणून दोन्ही हात हलवू लागली.

लांबून हिराजीने पाहिलं. रोजच्या निरोपासारखा त्यानेही हात हलवला, आणि इंजिनाचा वेग वाढवला.