खडकाला आंघोळ

टाकीजवळ पोहोचण्याआधीच देवबागहून आलेल्या हेमलताला नासलेल्या दुधाचा वास आला.

देवबागचा समुद्र तापून मेला, तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी बारीक समुद्री जिवांनी भरलेला आपला शेवटचा जिवंत खडक नाशिकच्या या बंगल्यात सांभाळायला दिला होता. खाऱ्या पाण्याची एवढी मोठी टाकी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. समुद्र निवला की खडक परत न्यायचा, असं ठरलं होतं.

आता तो टाकीत पांढराफटक पडला होता आणि वर एक नारळ तरंगत होता.

"टाकीत सोडायचे मासे यायच्या आधी रीतसर अभिषेक करून घेतला," बंगल्याचे मालक पारनेरकर कौतुकाने म्हणाले. "फार घाण वास मारत होता हो. आधी नळाखाली घासला, मग दूध घातलं."

"तो वास समुद्राचा होता. गोड्या पाण्याने त्यातला जीव न् जीव मेला."

"पण मासे तर उद्या येताहेत."

"मासे कारखान्यात हवे तेवढे बनतात. खडक बनत नाही, म्हणून तर तुमच्या दारात आलो होतो."

"मग दुसरा मागवू की."

हेमलताने कोपरापर्यंत हात घालून नारळ बाहेर काढला आणि त्यांच्या हातात कोंबला. त्यांच्या रेशमी सोवळ्यावर पाणी ओघळलं.

"समुद्र निवलाय, हे सांगायला आले होते मी. पौर्णिमेला अख्खं देवबाग खडकाची वाट बघत किनाऱ्यावर उभं असेल. हा नारळ घेऊन तुम्हीच या, आणि त्यांना तोंड दाखवा."