रस्त्यापलीकडची वाइन

"झालं! तुझा मळा हद्दीत आला!" विधुर एत्तोरे धापा टाकत शेजारच्या विधवा झेलिंदाच्या अंगणात शिरला.

इटलीतल्या त्या डोंगराळ गावाचं नाव फक्त रस्त्याच्या वरच्या अंगाला पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच लावता येई. एत्तोरेचा मळा वर, झेलिंदाचा खाली. माती तीच, वाण तोच. तरी तिच्या बाटलीवर गावाचं नाव नाही, हे त्याला कित्येक वर्षं सलत होतं. उत्पादक संघाशी भांडून भांडून अखेर त्यानं हद्द सरकवून घेतली होती.

"म्हणजे आता तुमचे नियम मलाही लागू?" झेलिंदानं विचारलं.

"हो. वेलींना पाणी द्यायचं नाही, निम्मे घड कोवळेपणीच छाटायचे, आणि वाइन दोन वर्षं पिंपात मुरवायची."

"नको रे बाबा! माझी वाइन आहे तशीच गिऱ्हाईक दारातून उचलून नेतं."

एत्तोरेचा चेहरा पडला. "मग इतकी वर्षं मी भांडलो कुणासाठी?"

झेलिंदाला हसू आवरेना. "अरे वेड्या, त्यासाठी हद्द कशाला सरकवायची? नुसता रस्ता ओलांडून यायचं होतंस!"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मात्र दुसरी खुर्ची ओढली आणि दोन पेले भरले.