कोमट समुद्र

पहाटे हेजू पुन्हा घामानं निथळत जागी झाली. स्वप्नही रोजचंच होतं. ती लहान आहे, बर्फातून शाळेहून आली आहे. बाबा तिला उचलून खोलीतल्या सगळ्यात उबदार जागी ठेवतात, वरून रजई घालतात. गारठलेले पाय हळूहळू सैल होतात. मग कुठूनसा समुद्र येतो, कोमट, आणि ती त्यावर तरंगत दूर दूर जाते. जाग आली की समुद्र नसायचा, पाणी मात्र अंगावर असायचं.

तिनं ओली चादर गोळा केली. आज डॉक्टरांना फोन करायचा होता, आणि त्याच फोनची तिला भीती वाटत होती.

बाबांचं यकृत निकामी होत आलं होतं. आपल्या यकृताचा तुकडा द्यायचं हेजूनं ठरवलं, तर तपासणीत तिच्याच यकृतावर चरबी निघाली. वजन उतरलं तरच ऑपरेशन. म्हणून दर आठवड्याला पोटात वजन उतरवायच्या औषधाची सुई. सोल शहरात होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. थेबेकला, डोंगरातल्या खाणींच्या गावी, बाबांजवळ राहायला आली आणि हा घाम मागे लागला.

"काहींना येतो," डॉक्टर बाबांसमोरच म्हणाले होते. "सुती कपडे घाला, पाणी भरपूर प्या, रात्री तिखट नको. तरी थांबला नाही तर इंजेक्शन बंद करावं लागेल." बंद म्हणजे ऑपरेशन लांबणार, आणि बाबांकडे तेवढा वेळ नव्हता.

हेजूनं सगळं केलं. तिखटजाळ किमचीच्या रश्शाकडे बघून नुसते उसासे टाकले. खिडकी किलकिली ठेवली. खाणकामगारांच्या वस्तीतलं घर जुनं, फरशी तापवायची कोळशाची चूल प्रत्येक खोलीला वेगळी, तिचं तोंड बाहेर अंगणात. आपल्या खोलीची चूल विझत आलेली बघूनच ती झोपायला जायची.

"आजही भिजलीस?" बाबा रोज सकाळी विचारायचे.

"हो ना."

"मग सोड की ते औषध! हाडांच्या सापळ्याशी कोण लग्न करणार आहे?"

बाबा कुणाची छत्रीसुद्धा उसनी घेणारे नव्हते. यकृताचं सांगताना हेजू भांडणाच्या तयारीनंच बसली होती. पण त्यांनी एका शब्दात "बरं" म्हटलं. आजारानं माणूस मऊ होतो, असं वाटून तिला तेव्हा रडू आलं होतं.

चादर वाळत घालायला तिनं मागचं दार उघडलं. बर्फानं भरलेल्या अंगणात अजून नीट उजाडलं नव्हतं. तिच्या खोलीच्या चुलीपुढे बाबा उकिडवे बसले होते. तळवे पिवळे, बोटं काळी. हातातल्या चिमट्यात कोळशाची लालबुंद वडी होती, आणि तेवढ्या श्रमानं त्यांना धाप लागली होती.

"बाबा, हे काय?"

"तुला थंडी वाजत असेल म्हणून..."

"रोज?"

 बाबा विस्तवाकडे बघत म्हणाले, "जन्मभर खाणीत उतरलो. माझ्या जागी कधी कुणाला उतरू दिलं नाही. आता पोटच्या पोरीला उतरवू?"

हेजूला त्यांचा भयंकर राग आला, आणि मायाही. त्यांच्यापुढे बसून ती रडायला लागली. रडता रडता एकदम थांबली. हातातल्या ओल्या चादरीकडे तिनं पाहिलं आणि हसू लागली.

तिनं बाबांच्या हातातून चिमटा घेतला. वडी बर्फात टाकली. वडी चर्रकन विझली.

"बरं झालं सापडलात," डोळे पुसत ती म्हणाली. "आता डॉक्टरांना सांगते, औषध मला अगदी छान सोसतंय."