ढगाला होकार

"काका, विमानतळावर वादळ घोंघावतंय, वरचं विमान उतरू शकत नाहीये. ते तुमच्या मिठागरावर सरकवायचं आहे. होकार देता का?" फोनवर हवामान खात्यातली पोरगी अदबीने म्हणाली.

धर्मा पाटलांनी समोर पाहिलं. पाच महिन्यांचं मीठ राशी करून उघड्यावर पडलं होतं. ढग हलवता यायला लागले तेव्हाच कायदा झाला होता, की ज्याच्या जमिनीवर ढग जायचा त्याने आधी हो म्हणायला हवं.

"समुद्रावर ढकला म्हणावं, तिथे काय मेलंय!" मेहुणी गुलाब फावडं टाकून ओरडली.

"वारा उलटा आहे, मावशी," पोरीला ते ऐकू गेलं होतं.

"विमानात कोणी आजारी आहे का?" धर्मा पाटलांनी विचारलं.

"ते सांगायची परवानगी नाही, काका."

हे त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांची बायको शेवंता इंदूरहून येत होती. विमानातच तिच्या छातीत कळ आली, आणि खाली कोणीतरी ढगाला नकार दिला होता. विमान सुरतेला वळवलं, ती वाटेतच गेली. त्या माणसाचं नाव ते वर्षभर शोधत होते.

"पाठवा ढग," ते म्हणाले.

"भावोजी, सगळं मीठ जाईल!"

"जाऊ दे." त्यांनी ताडपत्री ओढली. दहा राशींत ती एकीलाच पुरणार होती. "गुलाब, तो माणूसही असाच फोन धरून उभा असेल गं. त्याचंही काहीतरी उघड्यावर असेल."

"असलं तरी त्याने हो म्हणायला हवं होतं."

"हवं होतं," धर्मा पाटील म्हणाले, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.