पूर्ण सही

"मशीन नॉर्मल म्हणतंय ना, मग तुम्ही कशाला अडून बसलात?" डॉक्टर देवस्थळींनी सहीसाठी पेन उघडलं. रिपोर्ट एकोणीस वर्षांच्या मुलीचा होता. आठवडाभर ती आईलाही ओळखत नव्हती. मेंदूला सूज नाही असं ठरलं, की तिची रवानगी मनोरुग्णालयात.

लॅबच्या तांडेलबाई हटल्या नाहीत. सुजलेल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना ज्या रेणूंतून सांगावे धाडतात, ते रेणू बाई पाठीतून काढलेल्या पाण्यात मोजत. रेणू बेसुमार झाले, की मशीन गांगरून उलट कमी आकडा दाखवतं, हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं.

"पाणी शंभर पट पातळ करून पुन्हा लावते. तोवर सही नको, सर."

दुपारी आकडा आला, नॉर्मलच्या तीनशे पट. लगेच उपचार सुरू झाले. अकराव्या दिवशी मुलीने आईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे एक नवा रिपोर्ट सहीविना परत आला. आजवर कोपऱ्यात त्यांची नुसती आद्याक्षरं असत. शिपाई म्हणाला, "साहेब म्हणाले, आधी बाईंची पूर्ण सही, मग माझी."

बाईंनी चष्मा पुसला आणि सावकाश, आडनावासकट सही केली.