घाईतलं बोरन्हाण

"आज रथसप्तमी, शेवटचा दिवस. निहारचं बोरन्हाण आजच उरकून घे," सकाळी सासूबाईंचा फोन आला. संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं गोळा केली आणि लेकाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. दीड वर्षाचा झाला, तरी त्यानं अजून एक पाऊल टाकलं नव्हतं.

डोक्यावरून बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओतली. पोरं तुटून पडली. ती बाजूला झाली, तेव्हा पाट रिकामा होता.

दार सताड उघडं होतं. बाहेर जिन्याच्या अगदी कडेला निहार उभा होता, कशालाही न धरता, पायऱ्यांवरून टपटपत जाणारं बोर बघत. हाक मारली तर दचकेल. मी तोंडावर हात दाबला.

तो आपणच वळला. डुलत डुलत माझ्याकडे चालत येऊ लागला.

पुढे होऊन उचलावं, तर माझेच पाय हलेनात.